सीजे-७ मध्ये जीपचं ४.० लिटर सिक्स: घ्यावं का, कुठल्या सालचं घ्यावं आणि कुठे अडतं

जीपची सीजे-७ (१९७६ ते १९८६) अमेरिकेत अजून बऱ्यापैकी मिळते. ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बोनेटखाली एएमसी या तेव्हाच्या जीप बनवणाऱ्या कंपनीचं २५८ घनइंची, म्हणजे ४.२ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन असतं. इंजिन दणकट आहे. त्रास देतो तो त्याच्या डोक्यावरचा कार्टर बीबीडी कार्ब्युरेटर आणि त्याभोवतीचं व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं. चढावर गाडी तिरकी झाली की फ्लोट बाउलमधलं पेट्रोल एका बाजूला जातं, इंजिन गुदमरतं आणि नेमकं दगडावर चाक असताना बंद पडतं. म्हणून लोक ४.० कडे वळतात. इथे परीक्षण त्याच इंजिनाचं आहे: भंगारवाड्यातून काढलेलं १९९१ ते १९९५ चं जीप ४.०, जुन्या सीजेत बसवण्याच्या दृष्टीने.

निकाल आधीच सांगतो. सीजेसाठी यापेक्षा सरळ बसणारं इंजेक्शनचं सिक्स दुसरं नाही. पण "ब्लॉक तोच आहे, बोल्ट काढा, बोल्ट लावा" असं जे सांगितलं जातं ते इंजिनापुरतंच खरं. वेळ आणि पैसा जातो तो क्रँक सेन्सर, इंधनाची टाकी, वायरिंग आणि ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा) यांत.

आधी अपेक्षा जागेवर आणू. २५८ ची ताकद ऐंशीच्या दशकात ११०-११५ अश्वशक्तीच्या आसपास होती. १९९१ नंतरचं ४.० हे १८०-१९० अश्वशक्ती देतं, ४७५० आरपीएमला. कागदावर फरक मोठा दिसतो, पण टॉर्क बघा: २५८ चा २१० पाउंड-फुटांच्या आसपास, तोही १८०० आरपीएमलाच, ४.० चा २२०-२२५, पण ४००० आरपीएमच्या आसपास. कारण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल. २५८ चा ३.८९५ इंच, ४.० चा ३.४१४ इंच. त्यामुळे दगडधोंड्यांत लो गिअरमध्ये रांगताना ४.० काही विशेष जोर दाखवत नाही. तिथे जाणवतो तो इंजेक्शनचा फायदा: गाडी कितीही तिरकी असो, आयडल हलत नाही. ताकद कळते ती हायवेवर आणि लांब घाटात. ज्यांना फक्त रांगायचं आहे त्यांनी २५८ तसंच ठेवून त्यावर इंजेक्शन बसवण्याचा विचार आधी करावा. निम्म्या कटकटीत काम होतं. जुनं २५८ काढलंत तर त्याचा क्रँक मात्र भंगारात देऊ नका. तोच ४.० च्या ब्लॉकमध्ये घालून, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३० थाऊ, म्हणजे ०.०३० इंच, वाढवून ४.६ लिटरचं स्ट्रोकर, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन, बनतं.

कुठल्या सालचं

१९८७ ते १९९० चं इंजिन रेनिक्स नावाच्या जुन्या इंजेक्शन पद्धतीचं. चालतं उत्तम, पण त्यात कोड साठवणारा कॉम्प्युटर नाही की चेक इंजिनचा दिवा नाही. बिघाड शोधायचा तर मल्टिमीटर घेऊन एकेका सेन्सरच्या मागे लागावं लागतं. दुसऱ्या गाडीत बसवलेल्या इंजिनाला हे परवडत नाही, कारण सुरुवातीला बिघाड होणारच.

१९९१ ते १९९५ हा सोयीचा टप्पा. ६० पिनांचा एकच कनेक्टर असलेला कॉम्प्युटर, डिस्ट्रिब्युटर असलेलं इग्निशन, आणि चावी ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. ११ म्हणजे क्रँकचा सिग्नल नाही, १३ मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), १५ वेगाचा सिग्नल नाही, २४ थ्रॉटल पोझिशन सेन्सर, ४१ अल्टरनेटर, ४२ ऑटो शटडाउन रिले (ठिणगी आणि इंजेक्टरांना वीज देणारा). शेवटी ५५ आला म्हणजे यादी संपली. यासाठी सीजेच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा बल्ब लावणं अनिवार्य समजा. एक वायर आणि एक बल्ब, तरी बरेच जण तो टाळतात आणि पुढे अंदाजाने पार्ट बदलत बसतात.

१९९६ पासून ओबीडी-२ ही बिघाड शोधण्याची प्रमाणित पद्धत आली. इंजिन चांगलंच आहे, पण कॉम्प्युटर जास्त गोष्टी मागतो आणि नसल्या की तक्रार करतो. २००० च्या सुमारास डिस्ट्रिब्युटर गेला, कॉइल रेल आली आणि ०३३१ नंबरचं सिलिंडर हेड आलं. २०००-२००१ ची ही हेडं ३ आणि ४ नंबर सिलिंडरच्या मध्ये चिरतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. पुढे कास्टिंग सुधारलं; त्या हेडवर टुपी हे नाव ओतलेलं असतं, ऑइलच्या झाकणातून बॅटरी मारली की दिसतं. ०३३१ हेड असेल तर झाकणाच्या आतली बाजू बोटाने पुसून बघा. ताकासारखा पांढरट थर आला तर इंजिन तिथेच सोडा.

यार्डात काय तपासायचं

कॉम्प्रेशन १२० ते १५० पीएसआय हवं आणि सहा सिलिंडरांत ३० पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. इंजिन चालू करता येत असेल तर गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर १३ पीएसआयच्या वर, आणि १६०० आरपीएमच्या पुढे ३७ ते ७५ मध्ये पाहिजे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नळ्यांचा आहे. तो मधल्या दोन सिलिंडरांच्या नळ्या जिथे एकत्र येतात तिथे तडकतो. थंड इंजिनावर टक-टक आवाज आला आणि गरम झाल्यावर गेला तर लिफ्टरला दोष देण्याआधी मॅनिफोल्ड बघा. तो इंजिन बाहेर असतानाच बदलावा.

मागून ऑइल गळताना दिसलं की सगळे रिअर मेन सीलचं नाव घेतात. पुष्कळदा ऑइल व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा ऑइल फिल्टरच्या अडॅप्टरच्या ओ-रिंगमधून येऊन बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं घंटेसारखं आवरण) ओघळतं. तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत. इंजिन स्टँडवर असताना तिन्ही बदलून टाका आणि विषय संपवा.

इंजिनाबरोबर काय काय उचलायचं हे महत्त्वाचं: न कापलेलं पूर्ण वायरिंग, त्याच गाडीचा कॉम्प्युटर, रिले बॉक्स, फ्लायव्हील, क्रँक सेन्सर, अल्टरनेटर आणि पुढचे सगळे ब्रॅकेट. जुना सीजेचा अल्टरनेटर चालवण्याचा मोह टाळा. या मॉडेलांत व्होल्टेज कॉम्प्युटर सांभाळतो. त्याला आपला अल्टरनेटर दिसला नाही की कोड ४१ ठोकतो.

ब्रॅकेटच्या बाबतीत जीपच्याच चेरोकीपेक्षा वायजे रँग्लर (सीजेनंतरचं मॉडेल) बरी. चेरोकीत पंखा वेगळ्या ब्रॅकेटवर असतो, रँग्लरमध्ये वॉटर पंपावर, आणि सीजेच्या रेडिएटरसमोर तोच जुळतो. सर्पेंटाइन पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप उलटा फिरतो. त्याच्या इंपेलरवर आर हे इंग्रजी अक्षर असतं. जुन्या व्ही-बेल्टचा पंप दिसायला सारखा आणि बोल्टलाही बसतो. तो लागला तर इंजिन तापतं आणि मग लोक रेडिएटर बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात. पंखासुद्धा उलट्या फिरकीचाच हवा. थर्मोस्टॅट १९५ फॅरनहाइटचा, मूळचाच ठेवा. थंड थर्मोस्टॅट घातला तर कॉम्प्युटर इंजिन गरम झालंच नाही असं समजून जास्त पेट्रोल ओतत राहतो.

बसवताना

माउंट हा सगळ्यात सोपा भाग. ४.० च्या ब्लॉकवर २५८ चे माउंटिंगचे बॉस आहेत, म्हणून सीजेचे मूळ ब्रॅकेट काढून तसेच लावायचे. रबर मात्र नवे घ्या. सीजेच्या मीटरसाठी ऑइल प्रेशर आणि तापमानाचे जुने सेंडर काढून ४.० वर चढवा. तापमानाच्या सेंडरला १९९१-९५ च्या हेडच्या मागच्या टोकाला, ६ नंबर सिलिंडरजवळ जागा आहे. ४.० चा मूळ सेंडर आणि सीजेचं मीटर यांची जोडी जमत नाही, काटा खोटं सांगतो.

आता खरी अडचण. ४.० च्या कॉम्प्युटरला क्रँकची जागा कळते ती बेल हाउसिंगमध्ये बसलेल्या सेन्सरवरून. तो फ्लायव्हीलवरच्या खाचा मोजतो: चार-चारचे तीन गट, एकूण १२. सीजेच्या टी-१७६ किंवा टी-५ गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगला त्या सेन्सरसाठी भोकच नाही. मग तीन वाटा उरतात.

पहिली: सीजेच्या बेल हाउसिंगला खिडकी कापून सेन्सर बसवणं. हे ग्राइंडर असलेल्या कुणालाही करावंसं वाटतं आणि इथेच सर्वांत जास्त घोटाळे होतात. कोन दोन-चार अंशांनी चुकला तर सगळं इग्निशन टायमिंग तितकंच चुकतं, आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून ते सुधारत नाही. या इंजिनात टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, डिस्ट्रिब्युटर फक्त ठिणगी वाटतो आणि कुठला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे एवढं सांगतो. ४.० चं बेल हाउसिंग शेजारी ठेवून, दोन्हीच्या डॉवेल पिनांवरून माप घेऊन टेम्पलेट बनवल्याशिवाय हात लावू नये.

दुसरी: सेन्सर पुढे नेणं. मोपारने (क्रायस्लरची सुट्या भागांची शाखा) २५८ साठी जो मल्टिपॉइंट इंजेक्शनचा किट काढला होता त्यात क्रँकचा सिग्नल पुढच्या पुलीवरून घेतला होता. तशा प्रकारचं डॅम्पर आणि ब्रॅकेट वापरून ४.० चालतं. काम स्वच्छ होतं, गिअरबॉक्स आणि क्लचचं मूळ लिंकेज जागेवर राहतं. फक्त सेन्सर चिखलाच्या आणि पट्ट्याच्या जवळ येतो, म्हणून त्याच्या वायरला जाड स्लीव्ह आणि दोन ठिकाणी क्लॅम्प हवा.

तिसरी: ४.० च्याच मागचा एएक्स-१५ पाच गिअरचा बॉक्स बेल हाउसिंगसकट घेणं. सेन्सरचा प्रश्न आपोआप सुटतो. बजेट असेल तर हीच वाट घ्यावी, पण तिला शेपट्या आहेत. १९९३ पर्यंतच्या बेल हाउसिंगमध्ये क्लचचा स्लेव्ह सिलिंडर आत, शाफ्टभोवती आहे. गळला की गिअरबॉक्स उतरवा. १९९४ पासून तो बाहेर आला, म्हणून बेल हाउसिंग १९९४ किंवा नंतरचंच शोधा. सीजेचा क्लच रॉड-लिव्हरवर चालतो, हा हायड्रॉलिकवर. त्यामुळे फायरवॉलवर मास्टर सिलिंडर आणि त्याला जुळणारं पेडल आलं. वायजेचा पेडलचा सेट त्यासाठी सोयीचा.

आणि ट्रान्स्फर केस. एएक्स-१५ बरोबर यार्डात एनपी-२३१ जोडलेलाच मिळतो, तो घेऊन उपयोग नाही. त्याचा पुढचा शाफ्ट डाव्या बाजूने निघतो. सीजेचं पुढचं डिफरन्शियल उजवीकडे आहे. १९८० नंतरच्या सीजेत उजवीकडून निघणारा डाना-३०० असतो, गिअरवर चालणारा, लो रेशो २.६२. तो काढण्याचं काही कारणच नाही. एएक्स-१५ आणि डाना-३०० जोडायला अडॅप्टर मिळतो, नोवाक कंपनीचा सर्वांना माहीत आहे. गिअरबॉक्सची लांबी बदलली की पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट नव्याने मापून करून घ्यावा लागतो. सीजे-७ चा व्हीलबेस ९३.५ इंच असल्याने जमतं. दहा इंचांनी आखूड सीजे-५ मध्ये मागचा शाफ्ट इतका तोकडा होतो की जॉइंटचा कोन बिघडतो.

पाचवा गिअर ०.७९ चा आहे म्हणून लोक खूश होतात, पण आधी अॅक्सलचा रेशो बघा. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक सीजेंमध्ये तो २.७३ आहे. ३१ इंची टायर, ताशी १०५ किलोमीटर आणि पाचवा गिअर धरला तर इंजिन जेमतेम १५२० आरपीएमला. ४.० तिथे नुसतं घुमतं. ४.१० चे गिअर टाकले तर तेच २२८० होतं आणि गाडी मोकळी पळते. मात्र डाना-३० पुढच्या अॅक्सलमध्ये ३.५४ पर्यंत एक कॅरिअर (क्राउन व्हील धरणारा भाग) आणि ३.७३ पासून दुसरा. म्हणजे नुसते क्राउन-पिनिअन नाही, कॅरिअरही बदलावा लागतो. हा खर्च सुरुवातीलाच धरा. मागच्या एएमसी-२० अॅक्सलचा दोन तुकड्यांचा शाफ्ट या ताकदीला आणि मोठ्या टायरला फार दिवस पुरत नाही, हेही त्यात आलंच.

इंधन

कार्ब्युरेटरला चार-पाच पीएसआय पुरायचे. १९९१-९५ च्या इंजेक्टरांच्या रेलला व्हॅक्यूम लावलेला असताना ३१ आणि नळी काढल्यावर ३९ पीएसआय हवेत. रेग्युलेटर रेलवर आहे, म्हणून परतीची लाइन लागते. २५८ ला फिल्टरवरून पाव इंची परतीची लाइन असते आणि तीच वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. ती आतून गंजलेली असते. परतीला अडथळा झाला की प्रेशर ३९ वर थांबत नाही आणि प्लग काळे पडतात. नवी लाइन ओढा. रबरी पाइप इंजेक्शनचा, ३०आर९ शिक्क्याचा. साधा कार्ब्युरेटरचा पाइप आणि स्क्रूची क्लिप या प्रेशरला एक्झॉस्टजवळ फुटली तर पुढचं सांगायला नको.

चेसीवर बाहेर लावायचा पंप स्वस्त पडतो, पण तो ओढण्यापेक्षा ढकलण्यात पटाईत. टाकीच्या तळापेक्षा खाली लावला नाही तर उन्हाळ्यात आणि अर्ध्या टाकीवर चढ चढताना हवा ओढतो. सीजेच्या टाकीत इंजेक्शनसाठी आडभिंतीही नाहीत. वायजेची १९९१-९५ ची पंपासकट टाकी थोड्या फेरफाराने सीजे-७ खाली घेता येते. हा एक खर्च वाचवू नये.

वायरिंग

पूर्ण हार्नेस टेबलावर पसरून त्यातून गाडीचे दिवे, एसी, सीटबेल्टचे फाटे काढून टाका. इंजिनाला बाहेरून लागतं ते थोडंच: कायमचा बॅटरी सप्लाय, चावीवरचा सप्लाय (स्टार्टर फिरतानाही चालू राहणारा), स्टार्टरची वायर, पंपाचा आणि शटडाउनचा रिले, आणि अर्थ. चावीचा सप्लाय सीजेच्या अॅक्सेसरी टर्मिनलवरून घेतला की स्टार्ट मारताना तो जातो; इंजिन फिरतं पण चावी सोडल्याशिवाय पेटत नाही. अर्थच्या रिंगा ब्लॉकवर डिपस्टिकजवळच्या स्टडला, रंग खरवडून. शिवाय ब्लॉक ते फायरवॉल आणि ब्लॉक ते चेसी असे वेगळे पट्टे.

चावी ऑन केल्यावर पंप क्षणभर गुणगुणून थांबला तर घाबरू नका, तो तसाच आहे. स्टार्टर फिरताना पुन्हा सुरू झाला नाही आणि ठिणगीही नाही, म्हणजे कॉम्प्युटरला क्रँक दिसत नाहीये. कोड ११ बघा. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणारं ४.० बहुधा याच सेन्सरमुळे रुसतं, म्हणून दुसरा एक गाडीत ठेवावा.

वेगाचा सेन्सर नसला तरी इंजिन चालतं, त्यामुळे तो राहून जातो. मग सिग्नलला थांबताना क्लच दाबला की आयडल कोसळतं. गाडी थांबते आहे हे कॉम्प्युटरला कळत नाही, तो हवेचा मार्ग वेळेत उघडत नाही. डाना-३०० च्या स्पीडोमीटर केबलमध्ये मधे बसणारा सेन्सर मिळतो, मैलाला ८००० पल्स देणारा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती ठेवू नका. बाहेरची हवा आत येते, कॉम्प्युटरला मिश्रण कोरडं वाटतं आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

हेड उघडलं असेल तर बोल्ट तीन फेऱ्यांत: २२, ४५, आणि ४५ पुन्हा तपासून मग ११० पाउंड-फूट. ११ नंबरचा बोल्ट मात्र १०० वर, आणि त्याच्या आट्यांना सीलंट, कारण तो पाण्याच्या वाटेत उतरतो. ऑइल ६ क्वार्ट, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

कागदपत्रं

कॅलिफोर्नियात १९७६ आणि नंतरच्या गाडीला स्मॉग तपासणी आहे. इंजिन गाडीच्याच सालचं किंवा नंतरचं हवं, आणि त्या इंजिनाची सगळी प्रदूषण नियंत्रणाची सामग्री, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि चारकोल कॅनिस्टरसकट, सोबत यायला हवी. मग रेफरीकडे (राज्याच्या स्मॉग तपासणी केंद्राकडे) दाखवून दारावर लेबल मिळतं. २५८ पेक्षा ४.० पास व्हायला सोपं जातं, म्हणून ज्या गाडीचं इंजिन घेतलं तिच्याखालून कॅनिस्टर आणि कन्व्हर्टरचं पाइपिंग काढायला विसरू नका.

महाराष्ट्रातून हे वाचून कुणी ४.० मागवायच्या विचारात असेल तर थांबावं. सुटे भाग इथल्या भंगार बाजारात मिळत नाहीत, आणि आरटीओची परवानगी नसलेला इंजिनबदल म्हणजे विमा आणि पासिंग दोन्हींना अडचण. २०२१ च्या विंटेज नियमांत ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो तो चेसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असेल तरच. ज्यांना सरळ सहाच हवं त्यांच्यासाठी जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली जोंगा आहेच. तिचं निसानचं पेट्रोल सिक्ससुद्धा ४ लिटरच्याच घरातलं आहे, ८५.७ मिलिमीटर बोअर आणि तब्बल ११४.३ मिलिमीटर स्ट्रोक. डिझेलच्या नादात ते कुणी काढून टाकलं असेल तर गाडी बघतानाच भावात ती रक्कम वजा करा.